काकूंची रजा कोण मंजूर करणार?

26 जुलै, म्हणजे कारगिल विजय दिवस आला की आमच्या ठाणे-कळव्यात शाल-श्रीफळाचे कार्यक्रम होतात. व्हायलाच हवेत. पण अंथरुणाला खिळलेल्या माजी सैनिकाच्या बायकोला त्या कार्यक्रमाला यायचं असेल, तर तेवढा वेळ नवऱ्यापाशी कोण बसणार, हे विचारणारा आयोजक मला अजून भेटलेला नाही. सरकारही विचारत नाही.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. कळवा, ऐरोली, कोपरखैरणे या पट्ट्यात सातारा-सांगलीकडची फौजी कुटुंबं बरीच आहेत. माझ्या एका पेशंटकाकांना नोकरीत असतानाच मणक्याला मार लागला. दुसऱ्यांना फौजेतून आल्यावर, कंपनीत सिक्युरिटीची नोकरीही करून झाल्यावर, अर्धांगवायूचा झटका आला. दोन्ही घरांतल्या काकूंचं काम सारखंच. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोर होणार. लघवीची पिशवी रिकामी करायची, भरवायचं, चिडचिड ऐकून घ्यायची, रात्री हाक आली की उठायचं. दोघींचीही कंबर गेलेली आहे. एवढं वजन नीट कसं उचलायचं, हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नाही.

पहिल्या काकांना पेन्शनसोबत 'कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स', म्हणजे सतत सोबतीला माणूस लागतो म्हणून दिला जाणारा भत्ता, मिळतो. 100 टक्के अपंगत्व आणि मेडिकल बोर्डाची शिफारस असेल तरच. सातव्या वेतन आयोगात तो महिन्याला 6,750 झाला आणि महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यावर 2024 पासून 8,438. ठाण्यात बारा तासांच्या मावशीला ब्युरोवाले याच्या दुप्पट सांगतात, रात्र वेगळी. दुसऱ्या काकांचं आजारपण नोकरीमुळे आलेलं नाही, म्हणून त्यांना शून्य. आणि पहिल्या काकांचा भत्तासुद्धा त्यांच्याच नावावर, काकूंच्या नाही. काका गेले की बंद. तोवर काकूंच्या हाताशी ना नोकरीचा अनुभव, ना स्वतःची शिल्लक.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, 2003 पासून आहे आणि तो खरोखर मोठा आधार आहे, हे मान्य करायलाच हवं. बायकोलाही त्याचं कार्ड मिळतं. पण सगळं करणारी सून असेल तर? ती त्या यादीत बसतच नाही.

अमेरिकेने 2010 मध्ये कायदा करून सांभाळणाऱ्या नातेवाइकालाच दरमहा मानधन, प्रशिक्षण, समुपदेशन आणि वर्षाला किमान 30 दिवस बदली माणूस देण्याची सोय केली. आधी ती 2001 नंतर जखमी झालेल्यांपुरती होती, 2022 पर्यंत सगळ्या काळातल्या सैनिकांसाठी खुली झाली. तिथेही सगळं गोड नाही. निकष बदलले, जुन्या कुटुंबांची फेरतपासणी निघाली, इतकी ओरड झाली की 2022 मध्ये नावं वगळणं थांबवावं लागलं. पण भांडायला तिथे निदान योजना तरी आहे! आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. सोबत 'सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पाचरही मारून ठेवली आहे.

मला विचाराल तर भत्ता वाढवण्याआधी रजा द्या. फौजीला नोकरीत वर्षाला 60 दिवसांची रजा असते. काकूंना भाच्याच्या लग्नाला गावी जायला दोन दिवस मिळत नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात अशा पेशंटसाठी चार-सहा खाटा राखून ठेवा, जिथे काकांना आठवडाभर विश्वासाने ठेवता येईल. यादी करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेतच. आणि ही सोय देताना अपंगत्व नोकरीतलं की नंतरचं, हे बघू नका. कूस बदलणाऱ्या हाताला तो फरक कळत नाही.

तोपर्यंत एक काम करा. घरात किंवा ओळखीत 100 टक्के अपंगत्वाचे फौजी पेन्शनर असतील, तर त्यांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, काढून त्यात कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्सची नोंद आहे का बघा. नसेल तर मेडिकल बोर्डाचे कागद घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात जा. काकूंना घर सोडता येत नसेल, तर त्यांच्यासाठी तुम्ही जा.