जवाचं पाणी प्यायल्यानं गोळ्या सुटत नाहीत

व्हॉट्सॲपवर एक संदेश जोरात फिरतोय: रोज उपाशीपोटी जवाचं (बार्लीचं) गाळलेलं पाणी प्या, मूतखडा विरघळेल, मधुमेहाच्या गोळ्या सुटतील, कोलेस्टेरॉल उतरेल, आणि ग्लूटेन (गव्हात असतं ते चिकट प्रथिन) नसल्यामुळे ते सगळ्यांना चालतं.

यातलं ग्लूटेनचं विधान सर्वांत घातक. जवात हॉर्डीन हे ग्लूटेनच असतं. सीलिअ‍ॅक (ग्लूटेननं आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांना गव्हासारखाच जवही वर्ज्य, आणि पाणी गाळल्यानं धोका टळत नाही. जवाचं माल्ट घातलेली पेयंही त्यात आली.

मूतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ते कुठल्याही पेयानं विरघळत नाहीत. लहान खडा भरपूर पाण्यानं लघवीवाटे पडतो आणि श्रेय जवाला मिळतं. पोटात कळ येऊन थंडीताप भरला किंवा लघवी अडली, तर काढे करत न बसता लगेच रुग्णालय गाठा.

मधुमेहाचं म्हणाल, तर शिजवलेल्या जवानं साखर भातापेक्षा सावकाश चढते, हे खरं. पण १०० ग्रॅम कोरड्या जवात सुमारे ३५० कॅलरी असतात. नेहमीच्या जेवणावर वाटीभर जव वाढवलात तर साखर वाढणारच. भात किंवा पोळी तेवढी कमी करा. गोळ्यांचा डोस मात्र डॉक्टरांनीच बदलायचा.

कोलेस्टेरॉलच्या दाव्यात तथ्य आहे. जवातला बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू आतड्यात बुळबुळीत होऊन पित्ताम्लं धरून ठेवतो. ती शौचावाटे गेली की यकृत नवी बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडा जव. गाळून चोथा फेकला की त्यातलं बरंचसं चोथ्याबरोबर जातं! म्हणून दाणे खा. पॉलिश केलेला पर्ल जवही चालतो, कारण हा तंतू फक्त कोंड्यात नसून दाण्यात आतपर्यंत असतो.

जव रात्रभर भिजवा, वाटीला तीन वाट्या पाणी आणि चमचाभर तेल घाला. कुकर निम्म्याच्या वर भरू नका. जवाला फेस फार येतो आणि शिटी तुंबते. दाणा बोटानं चेपला पाहिजे, पण लगदा नको. सुरुवात रोज २५ ग्रॅमनं करा आणि दोन-तीन आठवड्यांत वाढवा. एकदम ७५ ग्रॅम खाल्लं की गॅस धरतो, आणि बहुतेक जण तिथेच जव सोडून देतात.