पन्नास मशीन, पन्नास रोजगार

घणसोलीत महिलांना रोजगार द्यायचाय ना? मग फार डोकं चालवू नका. पन्नास शिलाई मशीन आणा, मैदानात मांडव घाला आणि बॅनरवर तुमचा चेहरा मशीनपेक्षा मोठा येईल एवढं बघा. लाभार्थी ताईंचा एक हात मशीनवर, दुसऱ्या हातात नारळ. पन्नास मशीन म्हणजे पन्नास रोजगार, हिशोब चोख.

या हिशोबात खोडा घालणारे एक गृहस्थ आहेत, अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन. नोबेल मिळालं १९९८ साली, पण खोड जुनी. १९७९ मध्येच स्टॅनफर्डला व्याख्यान देताना त्यांनी विचारलं होतं की समानता हवी हे ठीक, पण कशाची? पुढे त्यांनी सायकलचं उदाहरण दिलं. पाय अधू असलेल्याच्या दारात सायकल उभी केली म्हणून त्याचं हिंडणंफिरणं सुरू होत नाही. म्हणजे वाटलेली वस्तू मोजू नका, ती घेऊन माणसाला खरोखर काय करता येतं ते बघा. याला ते क्षमता म्हणतात. यांच्या नादी लागलात तर मांडव गुंडाळावा लागेल.

कारण मग प्रत्येकीच्या घरी जावं लागेल. दहा बाय दहाची खोली, मशीन ठेवलं की रात्री गादी पसरायला जागा नाही. दीड वर्षाचं पोर चाकात बोट घालतं. परवडेल असं पाळणाघर नाही. शिवलेला माल ठाण्याला पोचवावा, तर चारच्या आत परतायला हवं, नळ चारलाच येतो. बॅनरवर यातलं काय लिहिणार?

सेन उपास आणि उपासमार यांतही फरक करतात. पोट दोन्हीकडे रिकामंच, पण उपास करणाऱ्याला जेवता आलं असतं. हे तुमच्या फार कामाचं आहे. बाईनं शिवण सोडलं की रजिस्टरात लिहायचं, 'स्वेच्छेने'.

आकडे मागितलेच, तर सरकारी श्रमशक्ती पाहणी आहेच. चालू साप्ताहिक स्थितीच्या, म्हणजे मागच्या सात दिवसांच्या, हिशोबात आठवड्यात तासभर काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. शेजारणीच्या दोन ब्लाउजांना हुक लावले, झाला तास! (व्याख्या तशी जगभर चालते आणि मोजणाऱ्यांना ती लागतेही. ते सांगायची जबाबदारी तुमची नाही.)

शेवटी ताईंनाच विचारा, समाधानी आहात ना? "बरं आहे की दादा," असंच उत्तर येईल. वर्षानुवर्षं काही मिळालं नाही की माणूस मागणंच आखडतं घेतो, असं सेन यावरही म्हणून ठेवतात. तिकडे लक्ष देऊ नका.

सहा महिन्यांनी पुन्हा फोटोला जाल तेव्हा आधी निरोप धाडा. न सांगता गेलात तर मशीनवर टीव्ही असेल आणि टीव्हीवर क्रोशाचा रुमाल. रुमाल ताईंनीच विणलाय, सुरेख आहे. पण तुमची योजना शिलाईची.