बारीक अक्षरांचा चौक

प्रागच्या जुन्या नगरचौकात जे काही चालते, त्याला पर्यटन म्हणण्याचा शिष्टाचार आपण सगळे कशासाठी पाळतो, हे मला खरोखर कळेनासे झाले आहे. युरोपात असे चौक थोडे आहेत: एका बाजूला टीन चर्चचे काळेभोर जुळे मनोरे, मध्यभागी धर्मसुधारक यान हुसचे १९१५ साली उभारलेले भव्य स्मारक, कोपऱ्यावर नगरभवनाचा बुरूज आणि त्या बुरुजाच्या अंगावर १४१० सालचे खगोलीय घड्याळ. आणि या सगळ्याच्या पायथ्याशी मांडलेला प्रत्येक धंदा आलेल्या माणसाने काहीही नीट पाहू नये आणि काहीही नीट वाचू नये, या एकाच गृहीतकावर बेतलेला आहे.

त्या घड्याळाचेच घ्या. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला त्याच्याखाली शेकडो माणसे मोबाईल उंचावून उभी राहतात. सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या लाकडी मूर्ती सरकत जातात, सोनेरी कोंबडा आरवतो, आणि मिनिटभरात सगळे आटोपल्यावर ‘बस, एवढेच?’ असा उद्गार काढून गर्दी पांगते. त्या मूर्ती मुळात घड्याळाइतक्या जुन्या नाहीतच. मे १९४५ मध्ये, युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, नगरभवन आगीत सापडले आणि जुन्या मूर्ती जळाल्या. आज दिसतात त्या नंतर कोरलेल्या आहेत. खरे आश्चर्य त्यांच्या खाली आहे. ती तबकडी म्हणजे एक चालते ॲस्ट्रोलेब, आकाशातल्या ज्योतींची स्थिती दाखवणारे जुने यंत्र, आहे: मध्यभागी पृथ्वी, तिच्याभोवती फिरणारे राशिचक्र, सूर्याचा काटा, कला दाखवणारा अर्धा काळा आणि अर्धा चंदेरी चंद्राचा गोल, नाक्षत्र वेळ (सूर्याऐवजी ताऱ्यांवरून मोजलेली) सांगणारा लहानसा तारा, आणि सूर्यास्तापासून चोवीस तास मोजणाऱ्या जुन्या बोहेमियन (बोहेमिया म्हणजे प्रागभोवतीचा चेक प्रदेश) वेळेचे बाहेरचे कडे. पंचांग उघडून सूर्योदय आणि चंद्रराशी पाहणाऱ्या आपल्या माणसाला ही तबकडी जगातल्या कोणाहीपेक्षा लवकर उमगायला हवी. (राशी सायन, म्हणजे ताऱ्यांऐवजी ऋतूंवरून मोजलेल्या, आहेत, तेवढे ध्यानात ठेवले की झाले, इथला सूर्य मकरेत शिरतो तो डिसेंबरमध्ये.) पण मूर्तींचा फेरा संपल्यावर तबकडीसमोर दोन मिनिटे निवांत उभे राहावे म्हटले, तर मागून कोणाची तरी सेल्फीची काठी कानाला लागते आणि ‘एक्सक्यूज मी’ म्हणत आपल्याला बाजूला ढकलण्यात येते.

याच बुरुजाच्या पूर्वेला फरसबंदीत २७ पांढरे क्रूस बसवलेले आहेत. नोव्हेंबर १६२० मध्ये पांढऱ्या टेकडीच्या लढाईत हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध उठलेले बोहेमियातले बंडखोर हरले, आणि २१ जून १६२१ रोजी त्यांच्या २७ पुढाऱ्यांना या जागी जाहीरपणे ठार मारण्यात आले. त्यांत उमराव होते, सरदार होते, साधे नागरिक होते आणि यान येसेनियससारखा शवविच्छेदनासाठी गाजलेला वैद्यही होता, ज्याची जीभ आधी छाटण्यात आली. बारा जणांची मुंडकी नंतर चार्ल्स पुलाच्या मनोऱ्यावर दहा वर्षे टांगून ठेवली होती. सगळ्यांची नावे शेजारच्या भिंतीवर लावलेली आहेत. मी तिथे होतो तेव्हा त्या क्रूसांवर बसकण मारून पिझ्झा खाणे चालले होते, चाकांच्या बॅगा खडखडत जात होत्या आणि छत्री उंचावलेला एक मार्गदर्शक त्यांच्यावरच उभा राहून बिअर कुठे स्वस्त मिळते ते सांगत होता. कुठल्याही चेहऱ्यावर खाली पाहण्याचे कुतूहल नव्हते. चौकातल्या मरियमच्या स्तंभाजवळ प्रागची मध्यान्हरेषा दाखवणारी पट्टी जमिनीत बसवली आहे. १९१८ मध्ये पाडलेला तो स्तंभ २०२० साली पुन्हा उभा राहिला, त्यामुळे शहराची वेळ ज्या सावलीवरून ठरत असे ती सावलीही परत आली. तीही अशीच पायदळी.

आता खाण्याकडे वळू, कारण इथूनच माझे डोके खऱ्या अर्थाने तापायला लागले. ‘पारंपरिक बोहेमियन’ अशी पाटी लावून दर चार पावलांवर ट्रडेलनिक विकला जातो: दांडीला गुंडाळून भाजलेले आणि साखरेत घोळवलेले पोकळ पीठ, ज्यात आता आइस्क्रीमही भरतात. हा पदार्थ प्रागचा नाही. युरोपीय संघाने त्याचे भौगोलिक मानांकन दिले आहे ते स्लोव्हाकियातल्या स्कालित्साला, आणि त्याचे भाऊबंद ट्रान्सिल्व्हानियात हंगेरियन नावाने भाजले जातात. प्रागच्या रहिवाशांनी तो विकत घेतला असेल तर परदेशी पाहुण्यांच्या हट्टाखातर. तरी तो निदान गोड लागतो. शेजारी निखाऱ्यावर फिरणाऱ्या हॅमची गंमत त्याहून वाईट आहे. फलकावरचा आकडा १०० ग्रॅमचा असतो, ते ‘१०० ग्रॅम’ मुंगीएवढ्या अक्षरांत असते, आणि विक्रेता काहीही न विचारता त्याच्या तिप्पट-चौपट तुकडा कापून तराजूवर टाकतो. आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्याने नुसते बोट फलकाकडे दाखवले. कापलेले परत घेत नाहीत म्हणे!

आणि पैसे. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असले तरी तिथे युरो नव्हे, कोरुना चालते, आणि नेमक्या याच फटीत सगळी बांडगुळे वाढली आहेत. पैसे बदलण्याच्या खिडकीवर हातभर उंच अक्षरांत ‘० टक्के कमिशन’ लिहिलेले असते. दर मात्र खाली, कोपऱ्यात. एका युरोला बाजारात २४-२५ कोरुना मिळत असताना आमच्याबरोबरच्या एका वृद्ध जोडप्याच्या हातात त्याच्या दोन-तृतीयांशही रक्कम पडली नाही. कमिशन शून्य, हे अर्थातच खरे! शेजारच्या एटीएमचे वागणे याहून सभ्य आणि याहून लबाड. ते पहिल्याच पडद्यावर मोठमोठ्या रकमा सुचवते, मग ‘आपल्या सोयीसाठी’ हिशोब रुपयांत करून दाखवते, आणि तो हिशोब नाकारून आपल्या बँकेचा दर घेण्याचा पर्याय अशा फिकट रंगात आणि अशा शब्दांत लिहिते की तो दाबला तर व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटावी. घड्याळावर पैशांची थैली हलवणारा एक कंजूष दर तासाला मान डोलावतो. त्याची नजर थेट या खिडक्यांवर असावी असा मला दाट संशय आहे.

कायदा नाही असेही नाही. २०१९ पासून तिथे पैसे बदलल्यावर तीन तासांच्या आत, १,००० युरोपर्यंतचा व्यवहार कारण न देता रद्द करता येतो. पावती दाखवायची आणि पैसे परत घ्यायचे, इतके ते सोपे आहे. पण आमच्या सहलीच्या कार्यक्रमात या चौकाला वेळ किती? मूर्तींचा फेरा, गटाचा फोटो, थोडा ‘मोकळा वेळ’ आणि लगेच बस. फसवणूक लक्षात येते ती रात्री हॉटेलात, पुलाव आणि दालफ्राय खाऊन झाल्यावर हिशोबाची वही उघडली की. तोपर्यंत तीन तास केव्हाच उलटलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिएन्नाकडे निघायचे असते. त्या जोडप्यासाठी मी सहलप्रमुखाकडे गेलो, तर त्यांचे उत्तर होते, ‘अहो काका, तिथे असेच असते, आम्हाला माहीतच आहे.’ माहीत आहे! माहीत होते, तर चौकात उतरण्यापूर्वी बसच्या ध्वनिक्षेपकावरून तो दर आणि ते तीन तास सांगायला किती वेळ लागला असता? त्याच ध्वनिक्षेपकावर अंताक्षरी मात्र ड्रेस्डेनपासून अखंड चालली होती.