दाटीचाही विचार व्हावा

उष्ण प्रदेशातील सरड्यांची वाढ ऊन, पाऊस आणि अन्न यांवर अवलंबून असते, हे आपण छापलेल्या सरड्यांच्या वाढीवरील लेखातील प्रतिपादन मान्य आहे. परंतु एकाच जागेवर राहणाऱ्या सरड्यांची आपापसातील चढाओढ त्यात एका वाक्यात उरकली आहे, याचे वाईट वाटले. याचे बोलके उदाहरण आमच्या कोल्हापूरपासून फार दूर नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर 'सरडा सुपर्बा' ही २०१६ मध्ये नाव मिळालेली जात आढळते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्ष्यांचा वावर सुमारे ४ पटींनी कमी होता आणि सरड्यांची संख्या जास्त होती. मात्र हे सरडे लांबीच्या मानाने हलके भरले, शिवाय नरांच्या गळ्याखालच्या पंख्यासारख्या कातडीचे रंगही फिके होते. शत्रू घटला, पण खाणारी तोंडे वाढली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या परसातील मेंदीच्या कुंपणावर बागेतल्या सरड्याची दोन पिल्ले होती. थोरले उन्हाची फांदी धरून बसे आणि धाकटे जवळ आले की मान खालीवर करत त्याच्या अंगावर धावून जाई. त्यामुळे धाकट्याचा बहुतेक दिवस टाकीमागच्या गार सावलीत जाई, जिथे किडेही फारसे नसत. गणपतीपर्यंत थोरले स्पष्टपणे मोठे दिसू लागले. दोन पिल्लांवरून नियम सांगता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ऊन आणि अन्न कुणाच्या वाट्याला किती येते, हे त्या फांदीवरच ठरत होते.