हिवाळ्यात पळण्याचा उत्साह टिकवायचाय? मग हे करा

धुळ्यात पारा सहा-सात अंशांवर आला की दोन गोष्टी ठरलेल्या. पेपरात शेकोटीचा फोटो येतो आणि अर्ध्या गावाला तब्येतीची आठवण होते. यंदा ज्यांनी हिवाळाभर पळायचं आणि वर नीट खायचंही ठरवलंय, त्यांच्यासाठी माझ्या या सूचना. फुकट आहेत.

पहिलं म्हणजे बूट घ्या. चांगले महागातले, नोव्हेंबरातच. संक्रांतीनंतर भाजी आणायला जाताना छान दिसतात.

गजर पाचचा लावा. साडेचारचा लावला तर झोपमोड जास्त होते, आणि बंद तर पाचचाही करायचाच आहे.

ग्रुपवर रोज पहाटे 'चला उठा, थंडीला हरवू या' टाकायला विसरू नका. हे गोधडीतून टाकता येतं.

खाण्याच्या बाबतीत तर आपल्या खानदेशात काही शोधायलाच नको. दादर ज्वारीची भाकरी, मेथी, हरभऱ्याची भाजी, गाजरं, कोवळा हुरडा, मेहरूणची बोरं. आहारतज्ज्ञ पैसे घेऊन जे लिहून देतात, ते या दिवसांत शिवारात उभं असतं. म्हणून ते सोडा आणि शेवभाजी खा, तर्री वरून मागून. अंगात ऊब येते. चंपाषष्ठी झाली की भरिताच्या पार्ट्यांना तर जायलाच हवं. 100 ग्रॅम वांग्यात जेमतेम 25 कॅलरी, हा आकडा पाठ करून जा, आणि लाकडी बडगीत कुटलेल्या त्या वांग्यावर मित्र तेलाची धार धरेल तेव्हा मनातल्या मनात म्हणत राहा. मोठ्या चमचाभर तेलात 120 कॅलरी असतात हे त्या वेळी आठवायचं नाही. धार काही चमच्याने मोजत नाहीत. 'पुरी नको, कळण्याची भाकर दे, अन् तेल बेतानं' असं एकदा म्हणून बघा. त्याच्या शेताचा बांध कोरल्यासारखा तो तुमच्याकडे बघेल. मग म्हणेल, "खाय ले भो, एक दिनमा काय व्हस?" हा एक दिवस डिसेंबरात दर रविवारी येतो.

डिंकाचे लाडू पळणाऱ्याने खावेत असं आजी म्हणायची. न पळणाऱ्याने खाऊ नयेत असं काही ती म्हणाली नव्हती.

कुत्र्यांशी ओळख वाढवा.

सुरुवातीची दहा मिनिटं नुसतं चाला, गार स्नायूंवर एकदम जोर टाकू नका. आणि तहान लागली नाही तरी पाणी प्या, कारण थंडीत तहान कमी जाणवते. (ही सूचना खरी आहे. चुकून आली.)

आता मुख्य मुद्दा, श्वास. पळताना श्वास कसा खोल, पोटापासून घ्यावा. परवा मी पांझरेच्या काठाने असाच खोल श्वास घेत चाललो होतो. पुढे शेकोटी होती. शेकोटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लाकडं आली असतील. इथे एक अख्खा टायर होता, त्यावर कॅरीबॅगांचा ढीग, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि कोणाची तरी चप्पल. उत्साह टिकवायला याहून चांगली गोष्ट नाही, कारण तिथून माणूस आपोआप जोरात पळतो. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे धूर वर जातच नाही. ऊन तापेपर्यंत तो तोंडाच्या उंचीवर पसरून राहतो. बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा पळणारा आत ओढतो, म्हणजे काजळी, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, बेंझिन यात सगळ्यात मोठा वाटा त्याचा. मी खोकत खोकत पुढे निघालो, तर मफलरमधून आवाज आला, "काय भो, कुत्रं मांगे लागनं का?" सगळे हसले. त्यांच्यात एक सहा-सात वर्षांचं पोरगंही होतं, हात शेकत उभं. तेही हसलं आणि मग खोकलं.

नाका-नाक्यावर हेच चाललंय. झाडून गोळा केलेला कचरा उचलण्याऐवजी तिथेच पेटवला की काम झालं, ऊबही मिळाली. 2016 च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड सांगितला, मोठा ढीग जाळला तर 25,000. तो दंड भरलेला माणूस मला अजून भेटायचाय. तक्रार करायला गेलो तर 'गरीब माणसं आहेत, थंडी आहे' असं ऐकवतात. गरीब कुठले? कडेला दोन बुलेट उभ्या होत्या!

टायर जाळू नका रे बाबांनो. तुम्हाला शेकायला कोणी नाही म्हटलेलं नाही. गावाबाहेर पडलात की कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर पडलेल्या दिसतील. बोंडअळीच्या धास्तीने शेतकऱ्याला त्या शेताबाहेर काढायच्याच असतात. गाडी घेऊन गेलात तर 'ने बाप्पा' म्हणेल आणि वर चहा पाजेल. धूर त्यांचाही वाईटच, पण टायरइतका नाही. ते मात्र तुमच्याच्याने होत नाही, पंक्चरच्या दुकानामागचा टायर जवळ पडतो. दिल्लीच्या धुराचे व्हिडिओ 'बिचारे लोक' लिहून तुम्हीच पाठवता ना? दिवाळीत फटाक्यांवर तुम्हीच बोलता ना? घरात म्हाताऱ्याला दमा, त्याच्या पंपाला महिन्याला पैसे घालता, आणि पहाटे त्याच्याच खिडकीखाली रबर पेटवता. लाज वाटत नाही? मी पळतो की नाही याची काळजी तुम्ही करू नका, माझ्या उत्साहाचं मी बघून घेईन. त्या पोराला आधी धुरातून बाजूला घ्या.