रविवारी सेवाग्रामला या, पण बाराच्या आधी नको

नागपूरहून वर्धा जेमतेम ७५ किलोमीटर, त्यामुळे लवकर निघायची काहीच गरज नाही. शनिवारी रात्री ग्रुपवर "उद्या सहा म्हणजे सहा" असं टाका, आठला उठा, नऊला गाडीवाल्या मित्राला फोन लावा, तो आंघोळीला गेला असं त्याची आई सांगेल, मग दहाला सगळे मिळून तर्री पोहे खायला थांबा आणि तर्री तीनदा मागून घ्या. समृद्धीवर १२० ची लिमिट लिहिली असते, ती सूचना आहे की चॅलेंज हे स्टेअरिंग ज्याच्या हातात त्यानं ठरवावं. अशा हिशोबानं भर बाराच्या उन्हात आश्रमाच्या गेटवर पोचता येतं. मे महिना असला तर सोन्याहून पिवळं, पारा ४५ वर असतो आणि तुम्ही काळा टी-शर्ट घातलेला असतो.

मॅपवर नाव तेवढं नीट टाका राजेहो. सेवाग्राम, शेगाव नाही. म्हणजे चूक तुमची एकट्याची नाही, १९३६ ला बापू इथं राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगावच होतं, आणि त्यांची टपालं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन पडायची, म्हणून १९४० ला नाव बदलून सेवाग्राम केलं. नाव बदलून ऐंशीच्या वर वर्षं झाली, तरी आमच्या कॉलेज रोडवर काच खाली करून कोणीतरी विचारतंच, "भाऊ, इथं ती फेमस कचोरी कुठं भेटते?"

दुसरा प्रश्न आवाज खाली घेऊन विचारायचा असतो. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे हे तुम्हाला चौथीपासून पाठ असतं, पण डिक्कीतला आईसबॉक्स रिकामा पाहिला की माणूस विसरतो. मागं एकदा टपरीवर माझ्यासमोरच झालं.

"काका, इकडे थंड काही भेटते का?"

"मठ्ठा हाय."

"तसं थंड नाही हो. थंड थंड."

काका जरा विचारात पडले. "मंग मठ्ठ्यात बर्फ टाकून देऊ?"

बंदी आहे म्हणून जिल्ह्यात थेंब मिळत नाही असं म्हणायला मी काही एवढा भोळा नाही, पेपर मीही वाचतो. पण बापूंच्या गेटसमोर उभं राहून विचारण्यात जी मजा आहे ती तुम्ही कशाला सोडता.

आता बापूकुटी. माती, बांबू, वर कवेलू. सगळं सामान आसपासचंच वापरायचं आणि घराचा खर्च ५०० रुपयांच्या वर न्यायचा नाही ही त्यांची अट होती, त्यामुळे आत शिरल्याशिरल्या "बस, एवढंच?" असं जरा मोठ्यानं म्हणायला हरकत नाही. भिंतीला टेकून कोणी डोळे मिटून बसलं असेल तर ते झोपलेत असं समजून त्यांच्या पुढ्यातून सेल्फी घ्या. एक लाकडी पेटी दिसेल, साप निघाला की चिमट्यानं उचलून त्या पेटीत टाकायचा आणि लांब नेऊन सोडून द्यायचा, मारायचा नाही, अशी इथली पद्धत होती. पेटी पाहून लहान पोरगं हमखास विचारतं, साप अजून आत आहे का? त्याला "चल पुढे" म्हणा. अख्ख्या गाडीत कामाचा प्रश्न विचारणारं तेवढं एकच असतं, त्याला आत्तापासूनच आवरलेलं बरं. फोनची खोलीही आहे, बापूंशी थेट बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगोनं तो फोन बसवून दिला होता. त्याच्यासमोर उभं राहून "यार, इथं नेटवर्क नाही" म्हणायचं, ही आता जवळपास परंपराच झाली आहे.

बाहेर आलात की खादी घातलेली पोट्टेपोट्टी दिसतील. फंक्शन वगैरे काही नसतं, इथलं मेडिकल कॉलेज १९६९ चं आहे, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातलं, सुशीला नय्यर यांनी काढलेलं, आणि तिथं खादीच घालावी लागते. परीक्षेच्या दिवसांत ही पोरं मान खाली घालून चालतात, कोणाकडे बघत नाहीत. अशावेळी त्यांना थांबवून आपली जुनी ॲसिडिटी सविस्तर सांगावी. तिकडे वर्ध्याला टेकड्यांवर हिंदी विद्यापीठ आहे, १९९७ चं, तिथं संध्याकाळी फारच शांत असतं, त्यामुळे ब्लूटूथ स्पीकर चार्ज करून आणा. शांतता जास्त झाली की कानात वाजायला लागतं म्हणतात.

वेळ उरलाच तर पवनारला धाम नदीत पाय बुडवा आणि वेफर्सची रिकामी पाकिटं दगडाखाली दाबून ठेवा, उडत नाहीत. वरच विनोबांचा आश्रम आहे, पण चढायला कंटाळा येतो. गीताई मंदिर तेवढं कराच. तिथं गीताईचे अठराही अध्याय दगडी शिळांवर कोरून उभे केलेत, भिंत नाही, छप्पर नाही, आणि म्हणून आमच्या पाहुण्यांपैकी एकानं (माझ्या बायकोच्या माहेरचे आहेत, जास्त बोलत नाही) अगदी काळजीनं विचारलं होतं, "निधी संपला वाटते?"

आता तुम्ही म्हणाल हा मोठा आला आम्हाला शिकवणारा. नाही हो. मी आश्रमापासून पायी दहा मिनिटांवर राहतो आणि रविवार आला की बायकापोरं घेऊन नागपूरच्या मॉलमध्ये एसी खायला जातो. परतीच्या रस्त्यावर तुमच्या गाड्या समोरून येताना दिसतात.

गोरसपाकाचे दोन डबे घ्या, एक ऑफिसमध्ये वाटायला आणि एक गाडीतच संपवायला, तुपाचा माल आहे, सीट कव्हर सांभाळा. साडेपाचला मात्र निघाच. सहाच्या सुमारास मोकळ्या अंगणात सगळे जमिनीवर बसतात आणि सर्वधर्म प्रार्थना सुरू होते, तिच्यात सापडलात तर मधून उठता येत नाही आणि टोलनाक्यावर गर्दी लागते. घाई आहे हे समजतं, पण कुटीबाहेर काढलेली पायताणं मोजून घाला. मागच्या महिन्यात एक पांढरा बूट राहिला होता, फक्त डावा. आठ दिवस तो तिथंच होता. ते गृहस्थ एका पायात बूट घालून नागपूरपर्यंत गेले कसे, यावर आमच्या टपरीवर अजून चर्चा चालू आहे.