‘त्सोंग’ म्हणजे गोत्र नव्हे: एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘त्सोंग’ या चिनी अक्षरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि चांगलीच कडक प्रतिक्रिया लिहिलीत. तिला तिथेच दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे सवडीने लिहिते आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. पहिला असा, की पूर्वज, कुळ, पंथ, हेतू, खटले मोजायचं एकक असे विखुरलेले अर्थ मी ओढूनताणून एका देव्हाऱ्याला नेऊन बांधले. आजचा चिनी माणूस बोलताना देव्हारा डोळ्यांपुढे आणत नाही. दुसरा, आपल्याकडे ‘गोत्र’ हा आयता शब्द असताना मी त्याला बगल दिली. आणि तिसरा, ‘धर्म’ या अर्थाचा ‘त्सोंगज्याओ’ हा शब्द जपानात घडलेला आहे, मग तो चिनी पूर्वजपूजेच्या यादीत कशाला? जाता जाता, उच्चार नीट दिले नाहीत, अशी एक तक्रारही आहे.

पहिल्यापासून सुरुवात करते. देव्हाऱ्याचा संबंध मी जोडलेला नाही, तो अक्षरातच आहे. वर छप्पर, खाली पूजेच्या वेदीची खूण. आनयांगला सापडलेल्या शांग राजांच्या काळातल्या हाडांवर, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी, हे अक्षर पूर्वजांच्या पूजेच्या वास्तूसाठी कोरलेलं आहे. इ.स. 100च्या सुमारास शू शन याने केलेल्या कोशातही अर्थ दिला आहे तो पूर्वजांच्या मंदिराचाच.

पण माझा भर वास्तूवर नव्हता. त्या छपराखाली पूजा करायचा हक्क कुणाचा, या प्रश्नावर होता. बाकीचे बहुतेक अर्थ त्या भांडणातून निघाले आहेत. चौ काळातल्या रिवाजाप्रमाणे पट्टराणीचा थोरला मुलगा आणि पुढे त्याचा थोरला मुलगा, ही ‘दात्सोंग’, म्हणजे थोरली पाती. धाकट्या भावांच्या शाखा ‘श्याओत्सोंग’, धाकट्या पात्या. (देवासच्या पवारांमुळे पाती हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही.) ‘लीजी’ या विधींच्या ग्रंथात नियम स्पष्ट आहे: थोरली पाती शंभर पिढ्या झाल्या तरी हलत नाही, धाकटी पाच पिढ्यांनी बदलते. धाकट्या पातीतल्या माणसाचं नातं खापरपणजोबापर्यंत मोजायचं, त्यापलीकडे ती शाखा नव्याने बांधली जाते. थोरल्या पातीला मात्र मूळ पुरुष कधीच सोडायचा नसतो.

‘मुख्य’, ‘ज्याला धरून बाकीचं चालतं ते’ हा अर्थ इथून येतो. एखाद्या संस्थेचं उद्दिष्ट ते ‘त्सोंगज’. ज्याच्याकडे बघून बाकीचे शिकतात तो गुरू ‘त्सोंगश’. थेट ओळीतून आलेलं, म्हणून अस्सल, ते ‘जंगत्सोंग’. हा शेवटचा शब्द चीनमधल्या खानावळींच्या पाट्यांवर तुम्हाला जागोजाग दिसेल: अस्सल सिचुआन जेवण, अस्सल लानचौच्या शेवया. तिथे जेवणाऱ्याच्या मनात देव्हारा नसतो, हे तुमचं म्हणणं मान्य. पण पाटी लावणारा दावा करतो तो मूळ ओळीचाच: आमची कृती थोरल्या पातीची, पलीकडच्याची नव्हे. खटले मोजताना ‘एक त्सोंग, दोन त्सोंग’ म्हणतात, तिथे मात्र हा धागा फार झिजलेला आहे. मूळ लेखात त्यावर एकच वाक्य होतं, आजही त्याहून जास्त लिहिणार नाही.

आता हा धागा झिजलेला नव्हता तेव्हा काय होत असे, ते सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही. मूळ लेखात हे विस्ताराने आलं नव्हतं.

चिनी सम्राट वारला की त्याच्या नावाची पाटी राजघराण्याच्या पूर्वजमंदिरात बसवली जाई. मिंग आणि छिंग काळातलं ते मंदिर बीजिंगमध्ये थ्येनआनमनच्या शेजारी आजही उभं आहे. पाटीवर सम्राटाला नवं नाव मिळे. वंश स्थापणारा तो ‘त्सू’, त्याच्यामागून चालवणारे ते ‘त्सोंग’. 626 ते 649 या काळात राज्य केलेला थांग सम्राट ली शमिन याला आपण ‘थायत्सोंग’ म्हणतो, ते हेच मंदिरातलं नाव.

1521 साली मिंग सम्राट जंगद वारला. मुलगा नाही, भाऊ नाही. गादी गेली चुलतभावाकडे, हूबेमधल्या जहागिरीत वाढलेल्या कोवळ्या मुलाकडे. त्याची राजवट जियाजिंग नावाने ओळखली जाते. दरबाराचं म्हणणं असं, की तुम्ही धाकट्या पातीतून आलात, थोरल्या पातीची गादी हवी तर थोरल्या पातीत दत्तक गेल्यासारखं वागा. जंगदचे वडील, सम्राट श्याओत्सोंग (यातलं ‘श्याओ’ अक्षर वेगळं, ‘धाकटी पाती’तलं नव्हे), म्हणजे तुमचे काका, त्यांना वडील म्हणा, आणि जन्मदात्या वडिलांना काका. मुलाने नकार दिला. त्याची आई राजधानीच्या वाटेवर थोंगजौला येऊन थांबली आणि माझ्या मुलाला दुसऱ्याचा मुलगा करणार असाल तर मी पुढे येत नाही, म्हणून अडून बसली.

वाद वर्षानुवर्षं चालला. 1524 साली दोनशेहून जास्त अधिकारी राजवाड्याच्या आतल्या एका दरवाजापाशी गुडघे टेकून बसले आणि श्याओत्सोंगच्या नावाने हंबरडा फोडला. सम्राटाने निघून जायला सांगितलं, ते उठले नाहीत. मग धरपकड झाली, भर दरबारात दंडुक्यांचा मार देण्यात आला आणि त्यात दहाहून जास्त माणसं मेली. वडिलांना काय म्हणायचं या प्रश्नावर! सम्राट तिथे थांबला नाही. 1538 साली त्याने आपल्या वडिलांना, जे एक दिवसही गादीवर बसले नव्हते, ‘रुइत्सोंग’ हे नाव देऊन त्यांची पाटी पूर्वजमंदिरात नेऊन बसवली. त्याच वर्षी त्याने आपल्याच घराण्यातल्या युंगलो या जुन्या मिंग सम्राटाचं मंदिरातलं नावही बदललं, ‘थायत्सोंग’चं ‘छंगत्सू’ केलं. युंगलोनेही 1402 साली पुतण्याकडून गादी हिसकावली होती, म्हणजे तोही मूळचा धाकट्या पातीचाच. त्याला ‘त्सोंग’वरून ‘त्सू’च्या पायरीवर चढवलं, की धाकटी पाती नवा मूळ पुरुष होऊ शकते असा दाखला तयार होतो. ‘त्सू’ आणि ‘त्सोंग’ या दोन अक्षरांतला फरक माणसाच्या जिवावर बेतू शकत होता. म्हणून ओढूनताणून जोडलेले अर्थ हा शेरा मला पटत नाही.

गोत्राचं. याबद्दल माझं मत ठाम आहे. गोत्र कुणाशी लग्न करायचं नाही ते सांगतं. चीनमध्ये हे काम ‘शिंग’, म्हणजे आडनाव, करत असे. थांग राजवटीच्या कायद्यात एकाच आडनावाच्या दोघांनी लग्न केलं तर दोघांनाही दोन वर्षांची सक्तमजुरी होती. म्हणजे गोत्राला जोड शोधायचीच तर ती ‘शिंग’मध्ये आहे. ‘त्सोंग’ला सभामंडप लागतो, वंशावळीची पोथी लागते, आणि पूजेचा खर्च, पोरांच्या शिक्षणाचा खर्च ज्यातून निघेल अशी सामाईक जमीन लागते. गोत्राच्या नावावर सातबारा नसतो.

शिवाय गोत्र जन्माने ठरतं, त्सोंग बांधताही येतो. ग्वांगजौमध्ये छन आडनावाच्या लोकांचं मोठं पूर्वजमंदिर आहे, 1894 साली पुरं झालेलं. ग्वांगदोंगच्या 72 तालुक्यांतल्या छन मंडळींनी वर्गणी काढून ते उभारलं. गावोगावच्या या शाखांचं एकमेकींशी रक्ताचं नातं दाखवता येईलच असं नव्हतं. ज्यांनी पैसे भरले त्यांच्या पूर्वजांच्या पाट्या मागच्या दालनात पायऱ्या-पायऱ्यांच्या फळ्यांवर लागल्या, आणि त्यांची मुलं सरकारी परीक्षेला शहरात आली की तिथे उतरू लागली. छपरावर चिनीमातीच्या रंगीत बाहुल्यांची रांगच्या रांग आहे, नाटकातले सेनापती आणि राण्या. आज तिथे लोककलेचं संग्रहालय आहे, पाट्या गेल्या.

या व्यवस्थेचं मी गुणगान करते आहे असा सूर तुमच्या प्रतिक्रियेत मला जाणवला. तसं नाही. जुन्या वंशावळींतून लेकी बहुधा गाळलेल्या असत आणि सुना नुसत्या माहेरच्या आडनावाने नोंदलेल्या. 1927 साली हूनानच्या शेतकऱ्यांवर अहवाल लिहिताना माओने माणसाला बांधणाऱ्या चार सत्ता मोजल्या, त्यात कुळाची सत्ता एक होती, आणि बायकांच्या गळ्यात नवऱ्याची चौथीही. कन्फ्यूशियसच्या घराण्याची वंशावळ 2009 साली नव्याने छापली गेली, 20 लाखांहून जास्त नावांची. बायकांना तिच्यात पहिल्यांदा जागा मिळाली. दोन हजारांहून जास्त वर्षं लागली त्याला.

मराठीत ‘त्सोंग’च्या सर्वांत जवळ जाणारा शब्द विचाराल तर मी ‘घराणं’ म्हणेन. घराणं रक्ताचं असतं आणि गाण्याचंही असतं. भीमसेन जोशी किराणा घराण्याचे, पण अब्दुल करीम खाँसाहेबांशी त्यांचं नातं सवाई गंधर्वांकडे घेतलेल्या तालमीचं. चिनी बौद्धांनी नेमकं हेच केलं. भिक्षू घर सोडतो, आडनाव सोडतो, ‘शाक्य’ या शब्दाचं चिनी रूप आडनाव म्हणून लावतो. कुळ संपलं म्हणायचं. आणि मग हीच माणसं गुरूपासून शिष्यापर्यंत वंशावळी लिहायला बसली. ‘छान’ पंथाने (आपल्याच ‘ध्यान’ शब्दाचं हे चिनी रूप) महाकाश्यपापासून बोधिधर्मापर्यंत 28 भारतीय गुरू मोजले, बोधिधर्माला चीनमधला पहिला पूर्वज मानलं, आणि 713 साली वारलेल्या हुइनंगला सहावा. भाषा सगळी कुळाचीच: पूर्वज, वारस, थेट ओळ, आडवी शाखा. सुमारे 732 साली शनहुइ नावाच्या भिक्षूने भर सभेत जाहीर केलं, की राजधानीत मान मिळवून बसलेली उत्तरेची परंपरा ही आडवी शाखा आहे, खरी ओळ हुइनंगची. जियाजिंगच्या दरबारातलं भांडण आठशे वर्षं आधी मठात झालेलं आहे, फक्त वारसा गादीऐवजी धर्माचा होता. ‘पंथ’ हा अर्थ माझ्या कल्पनेतून आलेला नाही, तो या वंशावळींतून आलेला आहे.

आता तिसरा आक्षेप, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘त्सोंगज्याओ’ हा शब्द आजच्या अर्थाने जपानमधून आला, हे खरं. 1860च्या दशकाच्या अखेरीस युरोपीय राष्ट्रांशी करार करताना ‘धर्म’ या त्यांच्या कल्पनेसाठी जपानी अनुवादकांना शब्द हवा होता, तो त्यांनी ‘शूक्यो’ असा ठरवला, आणि शतक उलटायच्या सुमाराला तो चिनी उच्चारात चीनमध्ये रुळला. पण त्यांनी तो शून्यातून घडवला नाही. शेकडो वर्षं आधीच्या चिनी बौद्ध ग्रंथांत ही दोन अक्षरं जोडीने येतात: ‘त्सोंग’ म्हणजे पंथाचा गाभ्याचा सिद्धांत, ‘ज्याओ’ म्हणजे त्याची शिकवण. आणि ‘सिद्धांत’ हा अर्थ थेट आपल्या दारापर्यंत येतो. श्वेनत्सांग, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतला ह्युएन त्संग, 645 साली भारतातून परतला. या प्रवासात तो पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता आणि इथल्या मानी माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. परतल्यावर त्याने बौद्ध न्यायशास्त्राचे ग्रंथ चिनीत आणले. प्रतिज्ञा, हेतू, दृष्टांत या तिकडीतल्या ‘प्रतिज्ञे’साठी, म्हणजे वादात जे सिद्ध करायचं त्यासाठी, चिनी शब्द आहे ‘त्सोंग’. त्याच्या अनुवादांना प्रस्तावना लिहिली ती थांग सम्राट थायत्सोंगने, म्हणजे वर आलेल्या ली शमिनने. पूर्वजमंदिरातून निघालेला शब्द एकाच काळात एका सम्राटाच्या नावात बसलेला आणि संस्कृत न्यायाच्या परिभाषेतही, हे मला फार विलक्षण वाटतं.

तेव्हा जपानी वळणाने धागा तुटत नाही. पण त्या वळणानंतर एक गोष्ट घडली, ती तुमच्या मुद्द्याला बळ देणारी आहे. आज चीनमध्ये सरकारमान्य ‘त्सोंगज्याओ’ पाच: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. पूर्वजपूजा त्यात नाही. पूर्वजांपुढे उदबत्ती लावणं हा धर्म की कुळाचा रिवाज, यावर जेझुइट मिशनरी आणि रोम यांच्यात फार मोठा वाद झाला. पोपने 1715 साली चिनी ख्रिश्चनांना ते विधी बंद केले आणि 1939 साली पुन्हा मोकळीक दिली. चिनी सरकारने 2008 पासून छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायच्या दिवसाला, सार्वजनिक सुट्टी दिली आहे, पण ती परंपरा म्हणून, धर्म म्हणून नाही. शब्दात वेदी आहे आणि त्या शब्दाच्या यादीत वेदीला जागा नाही. त्यामुळे ‘त्सोंगज्याओ’चं भाषांतर करताना मूळ अक्षराकडे बोट दाखवून ‘पूर्वजांची शिकवण’ असं कुणी लिहू लागलं तर तुम्ही त्याला जरूर अडवा, मीही अडवीन.

उच्चारांबद्दल. ‘त्सोंग’मधला ‘त्स’ म्हणजे ‘चोर’, ‘चोच’ यांतला आपला दंत्य च, मराठी माणसाला त्यात कष्ट नाहीत. स्वर उंच आणि सपाट ठेवायचा. पूर्वज या अर्थाचा ‘त्सू’ खाली बुडून वर येतो, कुळ या अर्थाचा ‘त्सू’ प्रश्न विचारल्यासारखा वर चढतो. म्हणून ‘त्सूत्सोंग’ म्हणजे वाडवडील आणि ‘त्सोंगत्सू’ म्हणजे कुळ, यांतले दोन ‘त्सू’ वेगळे आहेत, अक्षरंही वेगळी. देवनागरीत ते सारखेच दिसतात, तेव्हा ऐकूनच पक्के करा.